ब्रूनो गेल्यावर नवीन पिल्लू कधी आणावं?

प्रश्न थोडक्यात असा: आमचा लॅब्रॅडॉर ब्रूनो ११ वर्षांचा होऊन आषाढात किडनीच्या आजाराने गेला. शेवटचे चार महिने बायकोने घरीच सलाइन लावून त्याला सांभाळलं. शेवटी दयामरणाच्या इंजेक्शनचा निर्णय घ्यावा लागला. त्याला आता अडीच महिने झाले. ९ वर्षांची मुलगी रोज पिल्लू मागते. तिचा वाढदिवस दिवाळीच्या आठवडाभर आधी असतो, त्या दिवशी लॅबचंच पिल्लू आणून सगळ्यांना आश्चर्याचा धक्का द्यावा असं माझ्या मनात आहे. बायको नुसतं "नको" म्हणते. आई म्हणते, वर्षभर घरात काही आणू नका. शिवाय ७ वर्षांची मनी मांजर आहे, ती ब्रूनोच्या चटईवरून हलत नाही. आणावं का? किती दिवस थांबायचं असतं?

उत्तर:

वाढदिवसाला आणू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण दिवस थोडे आहेत आणि कदाचित तुम्ही कुठे पिल्लू बघूनही ठेवलं असेल. ॲडव्हान्स दिला असेल तर परत मागा. नाही मिळाला तर गेला म्हणा, पण पैसे दिलेत म्हणून पिल्लू घरी आणू नका.

अडीच महिने कमी आहेत म्हणून मी हे म्हणत नाहीये. पुण्यात २७ वर्षं मी प्राण्यांचा दवाखाना चालवते. "किती दिवस थांबायचं असतं?" हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. माणूस गेला की आपल्याकडे सगळं ठरलेलं असतं. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, भेटायला कोणी कधी यायचं, घरात गोडधोड कधी करायचं. कुत्रं गेलं की मात्र दुसऱ्या दिवशी ऑफिस गाठावं लागतं, आणि डोळे सुजलेले दिसले तर "सर्दी झालीय" सांगावं लागतं. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ साली या प्रकारच्या दुःखाला वेगळं नाव दिलं, समाज ज्याची दखलच घेत नाही असं दुःख. मी माझ्यापुरतं त्याला सुतक नसलेलं दुःख म्हणते. सुतकच नाही, त्यामुळे ते फिटण्याचा दिवसही नाही. मग लोक डॉक्टरकडून एक आकडा मागतात, तीन महिने, सहा महिने, काहीतरी. मी तो आकडा कधीच देत नाही, कारण तो खरा नसतो.

एका रिक्षावाल्या काकांच्या मोतीला मी सोमवारी शेवटचं इंजेक्शन दिलं होतं. शुक्रवारी ते भर पावसात पुन्हा आले. मोतीच्याच टॉवेलात गुंडाळलेलं, रिक्षाखाली सापडलेलं चार-पाच आठवड्यांचं पिल्लू हातात होतं. मी पिल्लाचं पोट तपासत होते, त्याला जंताचं औषध देत होते, आणि काका समोर उभे राहून मोतीसाठी रडत होते. चारच दिवस झाले होते. ते पिल्लू आज ९ वर्षांचं आहे, ठणठणीत आहे. आणि दुसरीकडे माझ्याकडेच येणारं एक जोडपं आहे, त्यांनी सहा वर्षं काहीच आणलं नाही. पट्टा अजून दाराच्या मागे खुंटीला आहे. त्यांचंही काही चुकलेलं नाही.

म्हणजे दुःख संपल्यावरच नवीन जीव यावा असं काही नसतं. दुःख असतानाही तो येऊ शकतो. मी बघते ते इतकंच, की नव्याचं सगळं करायला घरात कोण उभं राहणार आहे, आणि त्या माणसाची तयारी आहे का. पिल्लू रात्री दोनला रडतं, पहाटे पाचला लादीवर शू करतं, तीन महिने हाताला येईल ते चावतं. ज्या माणसाने आधीच्याचं शेवटचं केलं, बहुतेक घरांत नव्याचंही तेच माणूस करतं. म्हणून पहिला होकार त्याचा. तुमच्या घरात ते माणूस म्हणजे तुमची बायको. आणि ती काय म्हणते आहे ते तुम्ही एका शब्दात लिहून मोकळे झालात.

तिचा "नको" म्हणजे नेमका कुठला नको, हे तुम्ही तिला विचारलं आहे का?

घरी सलाइन लावणं काय असतं ते मी रोज बघते. पडद्याच्या दांडीला बाटली टांगायची, मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई घालायची आणि कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन अर्धा तास बसायचं. पाठीवर पाण्याचा टेंगूळ येतो, तो हळूहळू पोटाच्या बाजूला उतरतो. पहिल्या दिवशी हात थरथरतो. पंधराव्या दिवशी थरथरत नाही, आणि त्याचंही वाईट वाटतं. मध्येच उलटी, चटई धुणं, तो खात नाही म्हणून चिकन शिजवून, नंतर भात कुस्करून, नंतर बोटाने जिभेला लावून बघणं. रात्री तो उठला की आपण उठायचं. चार महिने हे केलेल्या बाईच्या "नको" मध्ये निव्वळ थकवा असू शकतो. तिची झोपसुद्धा अजून पूर्ववत झालेली नसेल. बऱ्याच बायका मला सांगतात, "डॉक्टर, अजून पहाटे तीनला जाग येते आणि हात खाली जातो." पलंगाशेजारी तो झोपायचा ना, म्हणून.

हा थकव्याचा नको असेल तर तो काळाने आणि विश्रांतीने जातो. तिला आराम मिळेल एवढं तुम्ही बघायचं.

दुसरा नको अपराधीपणाचा असतो, तो काळाने आपोआप जात नाही. "जास्त पाणी पीत होता तेव्हाच दाखवायला हवं होतं." "इंजेक्शनची घाई केली का?" किंवा नेमकं उलटं, "उगाच दोन आठवडे त्याला ओढलं का?" माझ्या अनुभवात लवकर केलं असं वाटणारे आणि उशीर केला असं वाटणारे जवळजवळ सारखेच. एकाच माणसाला सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरं वाटतं. किडनीच्या बाबतीत मी एक गोष्ट प्रत्येक घराला समजावते, ती तुम्हीही तिला सांगा. किडनीची साधारण पाऊण ताकद गेल्याशिवाय रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसत नाही. कुत्रं जास्त पाणी पिऊ लागतं तेही साधारण दोन तृतीयांश ताकद संपल्यावर. तोवर ते खातं, खेळतं, शेपूट हलवतं. म्हणजे तिने ज्या आठवड्यात पाहिलं त्याच्या आधी पाहण्यासारखं फारसं काही नव्हतंच. हे मी धीर द्यायला म्हणून सांगत नाही, किडनीचं कामच तसं आहे. शक्य असेल तर तुम्ही दोघं ब्रूनोच्या डॉक्टरांकडे जा, त्याची फाइल मागा आणि आकडे, वजन, तारखा समोर ठेवून पंधरा मिनिटं बसा. ज्यांच्याशी मी असं बसले आहे त्यांच्यापैकी बहुतेकजण उठताना वेगळ्या चेहऱ्याने उठले आहेत. पिल्लाचा विषय त्या दिवशी काढूच नका.

तिसरा नको भीतीचा. पुन्हा जीव लावायचा, आणि दहा-बारा वर्षांनी पुन्हा हेच. त्याच्यावर माझ्याकडे औषध नाही. त्या माणसाला स्वतःला एक दिवस वाटावं लागतं की चालेल.

आणि एक नको खराखुरा नकोच असतो. एक कुत्रं मनापासून केलं, आता बस. तोही मान्य करायचा. एखाद्या घरात तिघांना हवंय आणि एकाला नकोय, तर मतदान करायचं नसतं, विशेषतः तो एकच जण सगळं करणार असेल तर.

हे शोधायचं कसं? "आणूया का?" असं विचारू नका, त्याला पुन्हा "नको" हेच उत्तर येणार. "शेवटच्या महिन्यातलं तुला सगळ्यात जास्त काय आठवतं?" असं विचारा आणि मग गप्प बसा. मध्ये समजूत घालू नका. ती काय सांगते त्यावरून तुम्हाला नको कुठला ते कळेल.

आता माझं स्वतःचं. २००९ साली माझा काळू गेला, १३ वर्षांचा. प्लीहेची गाठ फुटली, सकाळी जेवला होता आणि संध्याकाळी नव्हता. अकराव्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी कोणीतरी खोक्यात दोन महिन्यांचं तांबूस पिल्लू ठेवून गेलं. लोक म्हणाले, काळूनेच पाठवलं. मी तिला घरी नेलं. लस वेळेवर, जंताचं औषध वेळेवर, जेवण वेळेवर. मांडीवर मात्र मी तिला घेतलं नाही. दोनदा तोंडातून "काळू" अशीच हाक गेली, आणि ती आली, शेपूट हलवत आली, आणि मी आत निघून गेले. पुढे मुलगाच म्हणाला, "आई, तू हिला नावाने कधी हाकच मारत नाहीस." मग मी थांबून मोजलं, चार महिने झाले होते.

त्याची किंमत तिने भरली. पिल्लाचं वय तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत असतं तेव्हा ते जग ओळखायला शिकतं. टोपीवाला माणूस, काठीवाले आजोबा, लहान मुलं, स्कूटर, कुकरची शिट्टी, हे सगळं त्याला तेव्हा कडेवर घेऊन दाखवायचं असतं. नंतर शिकवता येतं, पण फार कष्टाने. मी रोज इतरांना हे सांगत होते, आणि माझ्या घरचं पिल्लू त्या वयात मागच्या अंगणात एकटं बसलं होतं. तांबी १२ वर्षं जगली. परक्या माणसाला ती आयुष्यभर घाबरली. पाहुणे आले की पलंगाखाली. तो तिचा स्वभाव नव्हता, ते तिचे महिने मी तिला दिले नव्हते.

म्हणून लोक जेव्हा विचारतात, "लवकर आणलं तर गेलेल्यावर अन्याय होतो का?" तेव्हा मी सांगते की गेलेल्याला आता काही त्रास नाही. अन्याय झालाच तर येणाऱ्यावर होतो.

लॅबचंच पिल्लू आणायचं म्हणता, त्याबद्दल. लॅब आवडतो म्हणून लॅब हवा असेल तर ठीक आहे. ब्रूनो हवा म्हणून लॅब हवा असेल तर थांबा. टेक्सासमधल्या एका विद्यापीठात २००१च्या डिसेंबरात जगातली पहिली क्लोन केलेली मांजर जन्मली. तिचं नाव 'सीसी', म्हणजे कार्बन कॉपी. तिची मूळ मांजर तीन रंगांची होती, पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी ठिपके. सीसी निघाली पांढरी आणि करडी पट्ट्यांची, नारिंगी रंगाचा पत्ताच नाही. मांजरीच्या रंगाची काही जनुकं प्रत्येक पेशीत चालू राहायची की बंद, हे गर्भातच आपोआप ठरतं, त्याची नक्कल होत नाही. गुणसूत्रं तीच असून रंगसुद्धा तोच आला नाही, तर दुसऱ्या आईच्या पोटी आलेल्या पिल्लाकडून आपण ब्रूनोचा स्वभाव मागायचा? ब्रूनो बॉल आणून पायाशी ठेवायचा, हा कदाचित ठेवणार नाही. ब्रूनो फटाक्यांना घाबरत नव्हता, हा घाबरेल. तुम्ही दर वेळी मनातल्या मनात मार्क कापत राहाल. नाव तर अजिबात तेच ठेवू नका. आणि शेवटच्या दोन वर्षांतला शांत, शहाणा ब्रूनो तुमच्या डोळ्यांपुढे आहे. तो दहा महिन्यांचा असताना त्याने सोफ्याचं काय केलं होतं ते आठवून बघा. नवीन येणारा त्या वयाचा असणार आहे.

आईंचं वर्षभराचं म्हणणं. धर्मशास्त्रात कुत्र्याचं सुतक आहे का, यावर मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण अशा आज्या मी खूप पाहिल्या आहेत. दुपारी सगळे बाहेर गेल्यावर कुत्र्याशी बोलणारं माणूस बहुधा त्याच असतात. "दत्ताच्या पायाशी असतं हो ते" म्हणत भाकरीचा तुकडा त्याच घालतात. त्यांना विचारलंत तर कदाचित निघेल की वर्षाचं काही नाही, "आता या वयात पुन्हा ते बघवणार नाही" असं आहे. पिल्लू पायात येतं, सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. माझ्या दवाखान्यात अशा दोन केसेस झाल्या आहेत. तेव्हा त्यांच्याही म्हणण्याला वजन आहे, ते "जुन्या समजुती" म्हणून बाजूला सारू नका.

जाता जाता, ज्यांच्या घरी फक्त ज्येष्ठ माणसं आहेत आणि मुलं परदेशात आहेत, त्यांच्यासाठी सांगते. लॅब साधारण १० ते १२ वर्षं जगतो, आपली देशी कुत्री नीट सांभाळली तर १३-१५ सहज. वयाच्या बाहत्तरीत पिल्लू आणणं म्हणजे पंच्याऐंशीपर्यंतचा शब्द देणं. पण म्हणून घर रिकामं ठेवा असं मी म्हणणार नाही. मिरजेच्या एका निवृत्त शिक्षकांचं कुत्रं गेल्यावर सकाळ-संध्याकाळचं चालणंच बंद झालं होतं, साखर वाढली होती. त्यांना मी आठ वर्षांची, नसबंदी झालेली, शांत कुत्री घ्यायला सांगितलं आणि पुतण्याकडून लिहून घेतलं की पुढे गरज पडली तर तो नेईल. मोठ्या वयाच्या कुत्र्यांना कोणी घेत नाही, आणि अशा घरांना नेमकी तीच हवी असतात.

मुलीकडे वळते. ९ वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे काय ते नीट कळतं, परत येत नाही हे कळतं. तिला जे कळत नाही ते हे, की घरात सगळे त्याबद्दल बोलायचे का थांबले. ती रोज पिल्लू मागते तेव्हा पिल्लाइतकंच तिला कदाचित ब्रूनोचं नाव घरात पुन्हा घ्यायला हवं असतं, आणि पिल्लाचा विषय ही तिला सापडलेली एकच वाट असते. तुम्ही वाढदिवसाला खोक्यातून पिल्लू काढलंत तर ती आनंदाने उड्या मारेल, त्याच क्षणी तिची आई उठून स्वयंपाकघरात जाईल, आणि ते ती बघेल. मुलं बघतात. पिल्लू मग तिच्या मनात कायमचं आईच्या रडण्याशी जोडलं जाईल. त्यापेक्षा वाढदिवसाला तिच्यासोबत बसून ब्रूनोच्या फोटोंची एक वही करा. खाली तिने तिच्या अक्षरात लिहायचं. एका मुलीने अशा वहीत फोटोच्या जागी कुत्र्याचं बिलं चिकटवलं होतं, महापालिकेच्या परवान्याचं, आणि खाली लिहिलं होतं, "हा त्याचा आधार कार्ड नंबर." आईबाबा दोघंही त्यावर हसले आणि मग रडले, आणि त्या घरात कुत्र्याबद्दलचं बोलणं पुन्हा सुरू झालं. पुढे पिल्लू आणायचं ठरलं तर निवडायला तिला सोबत न्या, पण जबाबदारी तिची म्हणून आणू नका. नऊ वर्षांच्या मुलीची परीक्षा आली की पिल्लू मोठ्यांकडेच येतं.

मनीसाठी म्हणून घाई करू नका, हेही सांगायलाच हवं. मागे राहिलेला प्राणी शोधतो, कमी खातो, जास्त झोपतो, हे खरं आहे. इटलीतल्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरातलं एक कुत्रं गेल्यावर दुसऱ्याच्या वागण्यात फरक पडल्याचं ४२६ पैकी ८६ टक्के पालकांनी सांगितलं. खेळणं, खाणं कमी होणं, माणसाला चिकटून राहणं. मांजरींमध्येही मी हे बघते. पण लोक त्यावरून "तिला सोबत आणूया" असा निष्कर्ष काढतात, तो चुकीचा आहे. मनीला नुसती कोणाची तरी सोबत नको आहे, तिला ब्रूनो हवा आहे. अकरा वर्षांच्या संथ कुत्र्याच्या पोटाशी झोपणारी मांजर आणि तिच्या शेपटीवर उड्या मारणारं आठ आठवड्यांचं पिल्लू, यात तिला सुख नाही. ती चटई आत्ता धुवू नका, उचलू नका. जेवणाच्या वेळा होत्या त्याच ठेवा.

उद्या आणायचं ठरलंच, तर पहिले दहा-पंधरा दिवस दोघांना वेगळ्या खोल्या द्या. पिल्लाने अंग घासलेलं फडकं मनीच्या जागेजवळ आणि तिचं पिल्लाजवळ ठेवा, मनीला उंचावर पळून जायला जागा द्या, आणि पहिल्या भेटी पिल्लाला पट्टा लावूनच होऊ द्या. कुत्र्यासाठीचं गोचीडचं औषध मांजरीला कधीही लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजरीचा जीव घेतं.

गोचीडवरून आठवलं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुण्यात ११ वर्षं जगलेल्या कुत्र्याला कधीतरी गोचीड झालेलीच असते. आपल्याकडची तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावर फक्त रक्त प्यायला चढते. बाकीचं आयुष्य ती भिंतीच्या भेगांत, चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यांत काढते, तिथेच हजारो अंडी घालते, आणि उपाशीपोटी महिनोन्महिने वाट बघत बसते. घरात अडीच महिने कुत्रं नाही म्हणजे गोचीड नाही असं समजू नका. पिल्लू येण्याआधी भेगा बुजवून घ्या, फवारणी करून घ्या आणि मनीला त्या दिवशी दुसरीकडे ठेवा.

तुमच्या लिहिण्यावरून ब्रूनोचा किडनीचा आजार म्हातारपणाचा दिसतो, संसर्गाचा नाही, तेव्हा त्या बाजूने तुम्हाला थांबायचं कारण नाही. पण हे वाचणाऱ्यांत ज्यांचं पिल्लू पार्व्होने, म्हणजे रक्ताची हगवण लावणाऱ्या संसर्गाने, गेलं आहे त्यांनी पुढचं नीट वाचा, कारण इथे मात्र मी आकडा सांगते. पार्व्होचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो, सावलीच्या ओल्या मातीत वर्षभरही. दोन वर्षांपूर्वी एका घरातलं पिल्लू पार्व्होने गेलं. विकणाऱ्याने "बदली" म्हणून वीस दिवसांत दुसरं दिलं, तेही लस न टोचलेलं. ते आठव्या दिवशी रक्ताची हगवण घेऊन माझ्या टेबलावर होतं, आणि वाचलं नाही. त्या घरातल्या मुलाने दोन मरणं एकाच महिन्यात सोसली. घर रोज फिनेलने पुसलं जात होतं. फिनेलने हा विषाणू मरत नाही. आधी साबणाने घाण पूर्ण काढायची, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं मिश्रण लादीवर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग धुवायचं. त्यात संडासाचं ॲसिड मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. भांडी, पट्टा, अंथरूण टाकून द्या. बागेतल्या मातीला ब्लीच चालत नाही, तिथे फक्त ऊन आणि वेळ. अशा घरात वर्षभर तरी लसीचे सगळे डोस पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नका. लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी वयाच्या सोळा आठवड्यांपर्यंत द्यावी लागते. त्याआधीच आणायचं असेल तर पूर्ण लसीकरण झालेलं मोठं कुत्रं आणा. मांजरींच्या पॅनल्युकोपेनियाचंही, म्हणजे त्यांच्यातल्या पार्व्होसारख्या आजाराचंही, असंच. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू मात्र बाहेर फार टिकत नाही. स्वच्छता करून महिनाभर थांबलं तरी पुरतं.

तुमच्या तारखेबद्दल एक शेवटचं कारण. दिवाळीच्या आठवडाभर आधी आणलेलं पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं असणार. आई-भावंडांपासून नुकतंच तुटलेलं, घर अनोळखी, आणि चौथ्या रात्रीपासून सुतळी बॉम्ब. या वयात बसलेली भीती पुढे फार छळते. दर वर्षी दिवाळीनंतर अशी दोन-तीन पिल्लं माझ्याकडे येतात, खात नाहीत, कोपऱ्यातून निघत नाहीत. दिवाळीआधीचा महिना पिल्लं आणायला वाईटच. जून-जुलैही मला आवडत नाही. ओल, उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो, गोचीड, सगळं तेव्हाच. मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ मी नेहमी सुचवते, हवा कोरडी असते आणि पिल्लाला उन्हात बसवता येतं.

तेव्हा ही दिवाळी ब्रूनोशिवायची पहिली दिवाळी म्हणूनच होऊ द्या. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत विषय बंद, असं बायकोला स्वतः सांगा. तिला रोज पिल्लाचं नाव ऐकावं लागणार नाही, एवढ्यानेच तिचे खांदे उतरतील. नंतर कधीतरी बघा, ब्रूनोने चोरलेल्या श्रीखंडाची गोष्ट ती स्वतःहून पाहुण्यांना सांगते का. माझ्या अनुभवात हीच खूण सगळ्यात भरवशाची. आजारपणाच्या मागे गेलेलं कुत्रं पुन्हा खोडकर होऊन आठवायला लागलं, की त्या माणसाच्या मनात जागा झालेली असते. त्यानंतरही थेट पिल्लू आणायच्या आधी, तिची हरकत नसेल तर, एखाद्या संस्थेचं ऑपरेशन झालेलं किंवा घर शोधत असलेलं मोठं कुत्रं दोन-तीन आठवडे सांभाळून बघा. स्वयंसेवकांना अशी घरं कायम हवी असतात. ते कुत्रं परत जाणार हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे कोणी कोणाची जागा घेत नाही. पण घरात पुन्हा पायांचा आवाज येतो आणि प्रत्येकाला आपापलं कळतं. तिला ते जड गेलं तर तीन आठवड्यांनी विषय संपला, पिल्लाचे हाल झाले नाहीत. बऱ्याच घरांतून ते कुत्रं परत गेलेलंच नाही, हेही सांगते.

आणि पिल्लू घेतलंतच तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. २०१७च्या श्वानपैदास नियमांनुसार त्याआधी विक्रीही करता येत नाही. पिल्लाची आई दाखवत नसतील तर तिथून निघा.

मनीचं वजन मात्र याच आठवड्यात करून आणा. ती चटईवरून उठत नाही असं लिहिलंत, खाते का ते लिहिलं नाहीत. मांजर सलग दोन-तीन दिवस जेवली नाही तर तिच्या यकृतात चरबी साठायला लागते, आणि जाड मांजरीत हे जास्त लवकर होतं. आज रात्री तिची वाटी भरताना खूण करून ठेवा आणि सकाळी बघा. वाटी तशीच असेल तर उद्याच डॉक्टरकडे न्या. टोपलीत तीच चटई घाला, ती त्यावर शांत बसेल.